गाडी उचलण्याआधी: जुनी आलिशान एसयूव्ही आणि जबलपूरचे रस्ते

जोंगा ज्या गावात तयार झाली, त्या गावाला उंच गाडी म्हणजे काय हे शिकवायला नको. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतून १९६९ पासून निघू लागलेली ही लष्करी गाडी मुळात निसानची पॅट्रोल. पुढे-मागे सलग एक्सल, चारही चाकांवर पाटे, जवळजवळ चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. नावही गावाचेच: ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘जोंगा’ झाले. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी आणि तिच्यानंतर आलेली व्हेईकल फॅक्टरी यांच्या आसऱ्याने इथे मिस्त्री, फिटर आणि वेल्डर यांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जोंगा विकत घेऊन चालवणारे हौशी आजही देशभर आहेत. महेंद्रसिंह धोनीने २०१९ साली एक घेतली, तेव्हा नव्या पिढीलाही हे नाव कळले.

आता त्याच गावात वेगळ्या उंच गाड्या फिरताना दिसतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी दिल्ली-मुंबईच्या श्रीमंतांनी घेतलेल्या मर्सिडीज एमएल, ऑडी क्यू-७, बीएमडब्ल्यू एक्स-५, लँड रोव्हर डिस्कव्हरी आज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळतात. आणि त्या घेणारा बहुतेक वेळा बावीस-पंचवीस वर्षांचा असतो. गाडी दारात आल्यावर महिन्याभरात त्याचा प्रश्न ठरलेला असतो: “काका, दोन इंच उचलून घेऊ का?”

प्रश्न दोन इंचांचा वाटतो. पण त्यात गाडीची रचना, भूमिती, कायदा, विमा आणि आपल्या भागातले रस्ते अशा पाच-सहा गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. त्या सुट्या करून पाहण्यासाठी हा आढावा.

या गाड्या स्वस्त का झाल्या?

पहिले कारण दिल्ली. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवू नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. नंतर न्यायालयात या बंदीवर पुन्हा बरेच घडले. पण मधल्या काळात मोठ्या डिझेल एसयूव्ही दिल्लीबाहेर पडल्या आणि ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन आपल्यासारख्या गावांत आल्या. दुसरे कारण सुट्या भागांची किंमत. गाडी सात लाखांना मिळाली, तरी तिचे भाग सत्तर लाखांच्या गाडीचेच असतात. किमती गाडीबरोबर उतरत नाहीत.

तिसरे कारण कागदांचे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीसाठी हे शुल्क पाच हजार रुपये झाले, पण आयात केलेल्या मोटारीसाठी चाळीस हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी हेच आकडे दहा आणि ऐंशी हजारांवर गेले. म्हणून गाडी देशातच चाकणला किंवा शेंद्र्याला जोडलेली आहे की अख्खी जहाजातून आली, हे आरसीवर पाहून घ्यावे. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर मध्य प्रदेशचा नंबर घ्यावा लागतो आणि करही भरावा लागतो. उचलण्याचा खर्च मोजायला बसलेल्या मुलाने हा खर्च आधी मोजावा. कारण नव्या नोंदणीच्या वेळी गाडी आरटीओच्या अंगणात उभी राहणार आहे, आणि तिथे ती मूळ रूपातच असलेली बरी.

उंची म्हणजे नेमकी कोणती?

‘उंच गाडी’ या एका शब्दात तीन वेगळ्या मापांची सरमिसळ होते. जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर हे पहिले. पुढचा आणि मागचा बंपर किती चढावर टेकतो, ते कोन दुसरे. आणि दोन चाकांच्या मधले पोट उंचवट्यावर टेकते की नाही, ते तिसरे. रस्त्यावर गाडी अडते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या मापामुळे, आणि ते फक्त उंचीवर ठरत नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावरही ठरते.

ढोबळ हिशेब करून पाहू. कान्हाच्या जंगलात वर्षानुवर्षे धावलेल्या मारुती जिप्सीची जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर आणि दोन चाकांतले अंतर २,३७५ मिलिमीटर. पोटाखालचा कोन साधारण वीस अंश येतो. पहिल्या पिढीच्या ऑडी क्यू-७ ची उंची जवळपास तेवढीच, पण चाकांतले अंतर ३,००२ मिलिमीटर. तिचा कोन साडेपंधरा अंशांच्या आसपासच राहतो. क्यू-७ ला जिप्सीइतका कोन हवा असेल तर तिच्या पोटाखाली सुमारे २६५ मिलिमीटर जागा लागेल, म्हणजे आणखी साडेपाच-सहा सेंटिमीटर. एवढे उचलूनही ती वजनाने जिप्सीच्या दुपटीहून जास्तच राहणार. जिप्सीचे वजन टनाच्या आसपास, क्यू-७ चे सव्वादोन टनांच्या वर. चिखलातून बाहेर पडताना या वजनाचा हिशेब उंचीच्या आधी होतो.

स्पीड ब्रेकरचाही एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असावा. असा ब्रेकर कोणतीही धड एसयूव्ही पोट न घासता ओलांडते. गल्लीतल्या लोकांनी रातोरात ओतलेले सिमेंटचे वरवंटे वेगळे. पण ते तिरके आणि सावकाश चढले, तर निम्म्याहून अधिक घासणे टळते. त्यासाठी खर्च शून्य.

तीन जातींच्या गाड्या, तीन वेगळी उत्तरे

सगळ्या जुन्या आलिशान एसयूव्ही एका जातीच्या नसतात. उचलण्याचा प्रश्न आला की पहिली चौकशी हीच: गाडीला वेगळी चासी आहे का?

पहिली जात चासीवाल्या गाड्यांची. टोयोटाची प्राडो, जुनी पजेरो, १९९०च्या दशकातल्या पहिल्या पिढीची मर्सिडीज एमएल या शिडीसारख्या चासीवर बसवलेल्या गाड्या. यांच्या स्प्रिंगा बदलून, टायर थोडे मोठे करून मर्यादित उंची वाढवता येते, आणि जगभर त्यासाठी तयार केलेले संच मिळतात. चासी आणि बॉडीच्या मध्ये रबराचे किंवा नायलॉनचे ठोकळे बसवून फक्त बॉडी वर उचलण्याची पद्धतही याच जातीत शक्य होते. पण त्यात एक्सलखालची जागा एक मिलिमीटरनेही वाढत नाही. वाढते ती दिसायची उंची. वर स्टीअरिंगचा दांडा, इंधनाची नळी, गियरचा दांडा, रेडिएटरचा पंखा हे सगळे नव्या अंतराशी जुळवून घ्यावे लागते.

दुसरी जात एकसंध कवचाच्या गाड्यांची, ज्यांत वेगळी चासी नसते. बीएमडब्ल्यू एक्स-५, ऑडी क्यू-७ आणि २००५ नंतरची एमएल याच जातीत येतात. इथे उचलायचे तर जागा मिळते ती स्प्रिंगांच्या वर किंवा खाली. बाजारात मिळणारा स्पेसर, म्हणजे ॲल्युमिनियमची जाड चकती, शॉकअपच्या डोक्यावर बसवतात. यात एक फसवणूक लपलेली असते. ज्या गाडीत शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध टेकतो, तिथे वर अडीच सेंटिमीटरची चकती बसवली की चाकाशी उंची चार-पाच सेंटिमीटरने वाढते, कारण आर्म तरफेसारखा काम करतो. दुकानदार ‘फक्त एक इंच’ म्हणून विकतो आणि गाडी दोन इंच वर जाते.

तिसरी जात हवेच्या फुग्यांवर उभ्या असलेल्या गाड्यांची. डिस्कव्हरी-३, रेंज रोव्हर, एमएल आणि क्यू-७ च्या बऱ्याच आवृत्त्या या जातीत मोडतात. यांना उचलायची गरजच नसते, त्या स्वतः उचलून घेतात. डिस्कव्हरी-३ ची साधी उंची १८५ मिलिमीटर. बटण फिरवले की २४०. वेग वाढला की पुन्हा खाली बसते. असे असूनही काही जण उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या दांड्या बदलून गाडीला फसवतात. संगणकाला वाटते गाडी खाली आहे, म्हणून तो फुग्यांत हवा भरत राहतो. मग फुगा त्याच्या मापाबाहेर ताणला जातो, कंप्रेसर जास्त वेळ चालतो आणि महामार्गावर वेगात खाली बसण्याची व्यवस्था बिघडते. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांच्या रबरावर हा प्रयोग म्हणजे तडा जाण्याची वाट पाहणे आहे.

एक वाढवले की काय काय हलते?

गाडीचे निलंबन, म्हणजे स्प्रिंग, शॉकअप आणि आर्म यांचा मेळ, हे एक ठरलेले गणित असते. त्यातला एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप चुकू लागतात.

आर्म खाली झुकले की चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंटवाला बोल्ट फिरवून पाहतो, पण त्या बोल्टला फिरण्याची मर्यादा असते. ती संपली की टायरची आतली किंवा बाहेरची कड काही हजार किलोमीटरमध्ये घासून जाते. पुढच्या चाकांना ताकद देणारे शाफ्ट तिरके फिरू लागतात. त्यांच्या टोकांच्या रबरी टोप्या सतत ताणलेल्या राहतात आणि लवकर फाटतात. टोपी फाटली की आत माती शिरते आणि मग वळताना कट-कट आवाज ऐकू येतो. खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा बॉल जॉइंट आणि ब्रेकची रबरी नळी शेवटच्या मर्यादेवर पोचतात. चाकाचा वेग मोजणाऱ्या एबीएस सेन्सरची तारही तशीच ताणते. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला की ऐंशीच्या वेगाला जमिनीतून आल्यासारखी थरथर सुरू होते.

दिव्यांचे तर विसरूनच जातात. ज्या गाड्यांत झेनॉनचे दिवे आपोआप खाली-वर होतात, त्यांना उंचीची खबर निलंबनाच्या आर्मला जोडलेल्या सेन्सरकडून मिळते. गाडी उचलली की सेन्सरकडून चुकीची खबर जाते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत बसतो. रात्री सिवनीकडे जाताना समोरून येणारी एखादी गाडी आपल्याला आंधळे करते तेव्हा आपण तिच्या चालकाला शिव्या देतो. उद्या तो चालक आपणच असू नये.

मोठ्या टायरचाही हिशेब करावा. २६५/६० आर-१८ च्या जागी २६५/६५ आर-१८ घातला तर टायरचा व्यास साडेसव्वीस मिलिमीटरने वाढतो. पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे सव्वातेरा मिलिमीटरनेच. बदल्यात स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे तीनच्या पुढे असते, गियर जड होतात आणि पूर्ण वळण घेताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो.

याउलट एक उपाय बिनबोभाट आणि शहाणपणाचा आहे. एमएल आणि एक्स-५ सारख्या गाड्यांना मूळ कंपनीनेच १९ इंची रिमवर २५५/५० आणि १८ इंची रिमवर २५५/५५ अशी दोन्ही मापे दिलेली आहेत. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, ७३८ मिलिमीटरच्या आसपास. पण १८ इंचीत टायरची भिंत पावणेतेरा मिलिमीटर जास्त उंच. खड्ड्यात रिम वाकणे आणि टायरला फुगा येणे यातून वाचवणारे तेच जास्तीचे रबर. मागच्या मालकाने हौसेने २० किंवा २१ इंची रिमा बसवल्या असतील तर त्या विकून कंपनीच्या यादीतल्या लहान रिमा शोधाव्यात. आतल्या ब्रेकला जागा पुरते ना, एवढे तपासावे. आरामही वाढतो, पैसेही उरतात.

उलटण्याचे गणित

तरुण चालकाच्या बाबतीत सर्वांत जड मुद्दा हा. वळणावर गाडी उलटेल की घसरेल, याचा अंदाज एका सोप्या भागाकाराने येतो: डाव्या-उजव्या चाकांतले अंतर भागिले गाडीच्या भारमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था २००१ च्या मॉडेलांपासून हा आकडा प्रसिद्ध करते. साध्या मोटारींचा आकडा १.३ ते १.५ च्या दरम्यान, उंच एसयूव्हींचा बराचसा १.० ते १.३ मध्ये. समजा चाकांतले अंतर १.६४ मीटर आणि भारमध्य ७० सेंटिमीटरवर आहे. आकडा येतो १.१७. गाडी पाच सेंटिमीटर उचलली, त्यातले चाके-एक्सलचे वजन वगळून भारमध्य चार सेंटिमीटरने चढला, तर आकडा १.११ वर येतो. कागदावर फरक लहान दिसतो. पण त्या मधल्या जागेतच म्हैस रस्त्यात येणे आणि हातातले स्टीअरिंग झटक्याने फिरणे बसते.

हा धडा मोठ्या कंपन्यांनाही महागात पडला आहे. १९९७ साली मर्सिडीजची छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेल्या मूस हरणाला चुकवण्यासारख्या हालचालीत उलटली. कंपनीने विक्री थांबवली, निलंबन बदलले आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा प्रत्येक गाडीत बसवली. आपल्या जुन्या एसयूव्हीतली ईएसपी याच इतिहासाची देणगी आहे. पण ती कारखान्यातल्या मूळ उंचीसाठी आणि मूळ टायरांसाठी जुळवलेली असते. उंची बदलली तरी ती काम करते. मात्र जुने गणित धरून नव्या गाडीला सावरते.

आणि उलटण्याआधी धडकण्याचा प्रश्न येतो. बंपर वर गेला की समोरच्या छोट्या गाडीच्या बंपरशी त्याची गाठ पडत नाही, तो थेट तिच्या दारावर किंवा काचेवर जातो. गोलबाजारात, सदरमध्ये आपल्यासमोर असतात स्कुटी, ई-रिक्षा आणि शाळेतली मुले. उंच बॉनेटसमोरचे लहान मूल चालकाला दिसतच नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी ठामपणे लावले: नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत आणि मूळ रचना बदलता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

गॅरेजवाला यावर सांगतो की आरसीवर उंचीचा रकानाच नाही, मग पकडणार कोण? हा युक्तिवाद चौकातल्या हवालदारापुढे चालेलही. पण अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकापुढे तो टिकणे कठीण. दाव्याचे कागद तपासताना तो पहिली नोंद बदलांची करतो, आणि न कळवलेला बदल दावा नाकारायला पुरेसे निमित्त ठरू शकतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, आपल्याच राज्यात पीथमपूरची नॅट्रॅक्स या संस्था गाडीचे मॉडेल बाजारात येण्याआधी तपासतात. त्यांनी तपासलेली असते ती कंपनीची गाडी, गॅरेजमध्ये दुपारी चार वाजता बदललेली नव्हे. पुढे लोखंडी गार्ड बसवण्याचा मोहही टाळावा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले आहे.

आपल्या भागाला किती उंची लागते?

शेवटी गाडी चालणार कुठे? नागपूरचा महामार्ग, मंडल्याचा रस्ता, भेडाघाट, बरगी धरण: यांतल्या कुठल्याही ठिकाणी कंपनीच्या उंचीची एसयूव्ही पोचते. कान्हा, बांधवगड किंवा पेंचच्या आतल्या सफारीसाठी गाडी उचलायची म्हणत असाल, तर आत नेतात त्या वन खात्याकडे नोंदलेल्या सफारीच्या गाड्या. आपली गाडी गेटबाहेरच राहते.

पाटण-शहापुराच्या बाजूची काळी माती हा खरा परीक्षक. तिकडच्या हवेली पद्धतीच्या शेतांत पावसाळाभर बांध घालून पाणी अडवतात आणि पावसाळा सरल्यावर ते सोडून गहू पेरतात. अशा मातीत अडीच टनांची गाडी रुतते ती वजनाने आणि चाकांच्या नक्षीत भरलेल्या चिखलाने. दोन इंचांची वाढ तिला आणखी दोन इंच खोल रुतायला मुभा देते, एवढेच. तिथे कामी येतात योग्य टायर, हवा कमी करण्याचे शहाणपण, ओढायचा पट्टा आणि सोबत दुसरी गाडी.

आणि रपटा. नाल्यांवरच्या या बुटक्या पुलांवरून पावसाळ्यात पाणी वाहू लागले की उंच गाडीवाल्याला सर्वांत आधी धीर येतो. तो खोटा असतो. एसयूव्हीचा तळ अंदाजे नऊ चौरस मीटरचा. तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढले की सुमारे नऊशे किलो वजन पाणी उचलून धरते. वीस-पंचवीस सेंटिमीटरला सव्वादोन टनांची गाडीही चाकांवरची पकड सोडू लागते आणि बाकीचे काम प्रवाह करतो. गाडी पाच सेंटिमीटर उचलून हे संकट पाच सेंटिमीटरने लांबते, टळत नाही. हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड पाण्यात गेले तर इंजिन तिथेच संपते, तो भाग वेगळा.

मग करायचे काय?

खर्चाचा क्रम लावला तर तो असा लागतो. पहिला पैसा उंची वाढवण्यावर जाऊ नये, गमावलेली उंची परत मिळवण्यावर जावा. पंधरा वर्षांच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात, बुश चेपलेले असतात, फुगे रात्रभरात हवा सोडतात. गाडी खाली वाटते ती बहुधा यामुळेच. मालकाला वाटते कंपनीने उंची कमी दिली. खरे तर कंपनीने दिलेली उंची मागच्या मालकाने वापरून टाकलेली असते. नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, बुश, बॉल जॉइंट एवढे मूळ मापाचे बसवले की हरवलेले दीड-दोन सेंटिमीटर सहज परत येतात, आणि त्यावर ना कायद्याचा आक्षेप ना विम्याचा.

दुसरा पैसा टायरांवर, कंपनीच्या यादीतल्या मापांतच. तिसरा इंजिनाखालच्या पत्र्याच्या संरक्षक कवचावर. पोट टेकणारच असेल तर टेकू दे, पण तेलाचे भांडे फुटायला नको. चौथा स्वतःवर: ओल्या मोकळ्या मैदानात अनुभवी माणसाला शेजारी बसवून ब्रेक, वळण आणि घसरणे शिकण्यावर. एवढे झाल्यावरही हौस उरलीच आणि गाडी चासीवाली असेल, तर नामांकित संचाने तीन-चार सेंटिमीटरपर्यंत, आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारून. एकसंध कवचाच्या गाडीला स्पेसर लावू नये. फुग्यांच्या गाडीला फसवू नये, तिचे फुगे दुरुस्त करावेत.

ज्याला खरोखर खडकांत आणि चिखलात जायचे आहे, त्याने ही गाडी विकून जुनी जिप्सी घ्यावी. जोंगा उंच होती कारण तिचे एक्सल, पाटे, शाफ्ट आणि स्टीअरिंग त्या उंचीसाठीच एकत्र आखलेले होते. फक्त चकत्या घालून कोणी तिला उंच केले नव्हते.

तेव्हा उचलण्याचा निर्णय आज करू नका. आज संध्याकाळी सपाट जागेवर गाडी उभी करा, मापाची टेप घ्या आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर वहीत लिहा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. मग ते चार आकडे कंपनीच्या आकड्यांशी ताडून पाहा. बहुतेकांना त्या वहीतच कळते की आपली गाडी उचलायची नव्हतीच, दुरुस्त करायची होती.